तांबू ट्रॅक्टर आणि चिचुंद्रीचं शेंडेफळ

भुईमुगाचं वावर होतं. वावराला बांध होता. बांधाच्या कडेला एक बीळ होतं. बीळ केवढं? तुझ्या मुठीएवढं.

त्या बिळात राहायची एक चिचुंद्री. नाक लांब. डोळे बारीक. मिशा थरथर थरथर. ती बोलायची कशी? चुक चुक, चुक चुक. ती चालायची कशी? तुरुतुरु तुरुतुरु.

चिचुंद्रीला पिल्लं होती चार. फिरायला निघाली की ती रांग करायची. पहिलं धरायचं आईची शेपटी. दुसरं धरायचं पहिल्याची शेपटी. तिसरं धरायचं दुसऱ्याची. चौथं धरायचं तिसऱ्याची. हातात नाही हं, तोंडात. आणि मग सगळी मिळून तुरुतुरु तुरुतुरु.

एकदा काय झालं, सकाळी सकाळी चिचुंद्री म्हणाली, "चला रे, किडे शोधायला."

पहिलं उठलं. दुसरं उठलं. तिसरं उठलं. चौथं काही उठेना. ते होतं शेंडेफळ. सगळ्यात धाकटं, सगळ्यात झोपाळू.

"आई, मी मागून येतो," शेंडेफळ म्हणालं आणि कुशीवर वळलं.

"बरं. पण लवकर ये," चिचुंद्री म्हणाली.

रांग बिळातून बाहेर पडली. एका ढेकळापर्यंत गेली. आणि तेवढ्यात आवाज आला.

धडधड धडधड. धडधड धडधड.

आला एक ट्रॅक्टर. फार जुना, पेट्रोल पिणारा. कधीकाळी तो लाल होता, आता विटकरी झाला होता. त्याचं नाव तांबू. तांबूच्या मागे ट्रॉली. ट्रॉलीत शेंगांची पोती. आणि तांबूवर बसली होती हौसाक्का. डोक्याला रुमाल बांधलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

धडधड धडधड. धड... धड... ध... फुस्स.

तांबू थांबला.

कुठे थांबला? नेमका बिळावर. तांबूचं मोठं चाक, काळं चाक, जड चाक, बिळाच्या तोंडावर बसलं. आणि शेंडेफळ राहिलं आत.

चिचुंद्री धावत आली. चाकाला नाक लावून म्हणाली, "बाळा, आहेस का?"

आतून आवाज आला, "चुई."

"बाळा, भिऊ नको. आत्ता येते."

"चुई."

चिचुंद्रीने माती उकरली. खर खर खर. पण चाक हलत नाही आणि वाट होत नाही.

वर हौसाक्काने किल्ली फिरवली. घर्र घर्र घर्र, फुस्स. पुन्हा फिरवली. घर्र घर्र घर्र, फुस्स. तिने हॉर्न दाबला. पों पों. बॅटरी चांगली होती. तिने टाकीत डोकावलं. पेट्रोल होतं. ती खाली उतरली आणि मागून ढकलायला लागली. हय्या. तांबू हलला नाही. कसा हलेल? एवढा जड तांबू, एवढी जड पोती.

मग हौसाक्का बांधावर जाऊन बसली. गाल फुगवून बसली. रस्त्यापलीकडे मिस्त्रीचं दुकान होतं, तिकडे तिने पाठ केली.

चिचुंद्री चाकावर चढली. पुढे आई, मागे तीन पिल्लं, तुरुतुरु तुरुतुरु. चाकावरून गेली तांबूच्या नाकापाशी.

"चुक चुक. तांबूआजोबा, ऐका ना.
बाळ बाहेर येईना.
तुम्ही पुढे जा ना."

तांबू म्हणाला, "मी कसा जाऊ? माझ्या पोटात आग पेटली तर माझी चाकं फिरतात. आग पेटवायला ठिणगी लागते. ठिणगी पाडतो प्लग. प्लग ठिणगी पाडेल, तर मी पुढे जाईन. आधी त्याला सांग."

चिचुंद्री वाकली आणि खाली ओरडली, "बाळा, भिऊ नको. आत्ता येते."

"चुई."

आणि निघाली. पुढे आई, मागे तीन पिल्लं, तुरुतुरु तुरुतुरु.

इंजिनाच्या कुशीत बसला होता प्लग. मान पांढरी. तोंड आत खुपसलेलं.

"चुक चुक. प्लगदादा, ऐक ना.
ट्रॅक्टर पुढे जाईना,
बाळ बाहेर येईना.
तू ठिणगी पाड ना."

प्लग म्हणाला, "मी कशाने पाडू? ठिणगीला वीज लागते. वीज आणते वायर. आज सकाळपासून छान आणत होती. मग काय झालं कोण जाणे. वायर वीज आणेल, तर मी ठिणगी पाडेन. आधी तिला सांग."

"बाळा, भिऊ नको. आत्ता येते."

"चुई."

पुढे आई, मागे तीन पिल्लं, तुरुतुरु तुरुतुरु.

वायर होती लांबलचक. काळी काळी, जाड जाड, आणि जरा आळशी. इंजिनावर पसरून पडली होती.

"चुक चुक. वायरताई, ऐक ना.
प्लग ठिणगी पाडेना,
ट्रॅक्टर पुढे जाईना,
बाळ बाहेर येईना.
तू वीज आण ना."

वायर म्हणाली, "काय गं, गुदगुल्या होतात तुझ्या मिशांच्या. मी काय, मी नुसती वाट. या टोकाला वीज आली की त्या टोकाला पोहोचवते. सर्र. वीज मोठी करून देते कॉईल. कॉईल वीज वाढवेल, तर मी वीज आणेन. आधी तिला सांग."

चिचुंद्रीने पिल्लांकडे पाहिलं. पिल्लं काही बोलली नाहीत. कशी बोलतील? तोंडात शेपट्या होत्या.

"बाळा, भिऊ नको. आत्ता येते."

"चुई."

पुढे आई, मागे तीन पिल्लं, तुरुतुरु तुरुतुरु.

कॉईल होती गोल. कॉईल होती गुबगुबीत. दिसायला तुपाच्या डब्यासारखी.

"चुक चुक. कॉईलमावशी, ऐक ना.
वायर वीज आणेना,
प्लग ठिणगी पाडेना,
ट्रॅक्टर पुढे जाईना,
बाळ बाहेर येईना.
तू वीज वाढव ना."

कॉईल म्हणाली, "हळू बोल गं, माझं डोकं गरम झालंय. बॅटरी मला देते इवलीशी वीज. मी तिची करते मोठ्ठी वीज. पण कधी? पॉईंटने टिक केलं की. त्याने टिक केलं की मी गुंऽऽ करते. आज तो टिकही करत नाही आणि टुकही करत नाही. पॉईंट टिकटिक करेल, तर मी वीज वाढवेन. आधी त्याला सांग."

"बाळा, भिऊ नको. आत्ता येते."

"चुई."

पुढे आई, मागे तीन पिल्लं, तुरुतुरु तुरुतुरु.

पॉईंट कुठे राहतो? एका काळ्या टोपीखाली. चिचुंद्रीने टोपीवर टकटक केलं. टक टक.

"कोण आहे?" आतून कुणीतरी तोंड न उघडता बोललं.

"चुक चुक. पॉईंटभाऊ, ऐक ना.
कॉईल वीज वाढवेना,
वायर वीज आणेना,
प्लग ठिणगी पाडेना,
ट्रॅक्टर पुढे जाईना,
बाळ बाहेर येईना.
तू टिकटिक कर ना."

पॉईंट म्हणाला, "म्म्म. मला लाज वाटते."

"लाज कसली?"

"माझे दात दोनच. एक वरचा, एक खालचा. ते लागतात आणि सुटतात, लागतात आणि सुटतात, तेव्हा टिकटिक होते. पण दात झालेत काळे. किती दिवसांत कुणी घासलेच नाहीत. काळ्या दातांनी टिकटिक होत नाही."

"मग घास की."

"मला कुठे येतं? दात घासतो पॉलिश पेपर. तो असतो मिस्त्रीच्या दुकानात. पेपर दात घासेल, तर मी टिकटिक करेन. आधी त्याला सांग."

आता तर लांब जायचं होतं. चिचुंद्री खाली उतरली. चाकाला नाक लावलं.

"बाळा, भिऊ नको. आत्ता येते. जरा उशीर होईल."

"चुई," शेंडेफळ म्हणालं. जरा हळू म्हणालं.

चिचुंद्रीने बांध ओलांडला. गवत ओलांडलं. रस्त्याच्या कडेला थांबली. इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. एक सायकल गेली, ट्रिंग ट्रिंग. एक म्हैस गेली, थप थप थप. रस्ता मोकळा झाला. मग पुढे आई, मागे तीन पिल्लं, तुरुतुरु तुरुतुरु.

रस्त्यापलीकडे पत्र्याचं दुकान. दुकानात पाने, हातोड्या, नट, बोल्ट. कोपऱ्यात एक डबा. डब्यात पॉलिश पेपर. एका बाजूने गुळगुळीत, दुसऱ्या बाजूने खरखरीत.

"चुक चुक. पेपरभाऊ, ऐक ना.
पॉईंट टिकटिक करेना,
कॉईल वीज वाढवेना,
वायर वीज आणेना,
प्लग ठिणगी पाडेना,
ट्रॅक्टर पुढे जाईना,
बाळ बाहेर येईना.
तू दात घास ना."

पेपर म्हणाला, "घासायला मला फार आवडतं. पण मला पाय आहेत का? नाहीत. मला हात आहेत का? नाहीत. मिस्त्री मला हातात घेतो तेव्हा मी खर्र खर्र करतो. मिस्त्री हात लावेल, तर मी दात घासेन. आधी त्याला सांग."

मिस्त्री तिथेच होता. त्याचं नाव मौलामिस्त्री. पांढरी दाढी, निळा सदरा, सदऱ्यावर तेलाचे डाग. तो स्टुलावर बसला होता आणि दारातून तांबूकडेच बघत होता.

"चुक चुक. मिस्त्रीकाका, ऐका ना.
पेपर दात घासेना,
पॉईंट टिकटिक करेना,
कॉईल वीज वाढवेना,
वायर वीज आणेना,
प्लग ठिणगी पाडेना,
ट्रॅक्टर पुढे जाईना,
बाळ बाहेर येईना.
तुम्ही हात लावा ना."

मौलामिस्त्री म्हणाला, "ऐकलं मी. घर्र घर्र फुस्स. इथे बसून ऐकलं. आवाजावरूनच कळलं मला, पॉईंट काळा झालाय. पाच मिनिटांचं काम आहे."

"मग चला."

मिस्त्री उठला. मग पुन्हा बसला.

"कसा येऊ? मागे एकदा मी आक्काला म्हणालो, आक्का, तांबू म्हातारा झाला, आता भंगारात घाला. गंमत केली गं मी. पण आक्काला राग आला. म्हणाली, मौलाभाऊ, माझ्या बांधावर पाय ठेवू नका. आता बोलावल्याशिवाय जायचं कसं? आक्का हाक मारेल, तर मी हात लावेन. आधी तिला सांग."

असं म्हणून तो उगाचच एक पाना पुसत बसला.

चिचुंद्री परत फिरली. पिल्लं दमली होती. तिसरं तर चालता चालता पेंगत होतं, पण शेपटी त्याने सोडली नाही. रस्ता ओलांडला. गवत ओलांडलं. बांधावर आली. पुढे आई, मागे तीन पिल्लं, तुरु... तुरु... तुरु... तुरु.

हौसाक्का अजून तशीच बसली होती. गाल अजून फुगलेले होते.

"चुक चुक. आक्का, ऐका ना.
मिस्त्री हात लावेना,
पेपर दात..."

"त्याचं नाव काढू नकोस," हौसाक्का म्हणाली.

"पेपर दात घासेना,
पॉईंट..."

"त्याने माझ्या तांबूला भंगार म्हटलं. या तांबूने माझं सगळं वावर नांगरलं. माझी पोरं याच्यावर बसून शाळेत गेली. आणि तो म्हणतो भंगार. मी नाही हाक मारणार."

हौसाक्काने दोन्ही कानांवर हात ठेवले.

पण चिचुंद्री थांबली नाही. सगळं म्हटलं.

"पॉईंट टिकटिक करेना,
कॉईल वीज वाढवेना,
वायर वीज आणेना,
प्लग ठिणगी पाडेना,
ट्रॅक्टर पुढे जाईना,
बाळ बाहेर येईना.
तुम्ही हाक मारा ना."

आक्काला काही ऐकू गेलं नाही. कानांवर हात होते.

आता कुणाकडे जायचं? आता कुणीच उरलं नव्हतं. चिचुंद्री चाकापाशी गेली. चाकाला नाक लावलं.

"बाळा, भिऊ नको. आत्ता..."

आतून काही आवाज आला नाही.

"बाळा?"

काहीच नाही.

चिचुंद्रीच्या मिशा थरथरल्या. तिला मोठं मोठं सांगायचं होतं. मिस्त्रीचं सांगायचं होतं, पेपरचं सांगायचं होतं, सगळ्यांचं सांगायचं होतं. पण तिच्या तोंडातून एवढंच आलं.

"बाळ बाहेर येईना.
बाळ बाहेर येईना.
बाळ बाहेर येईना."

हौसाक्काचे हात दमले होते. तिने ते कानांवरून काढले. आणि तिला ऐकू आलं.

"कुठलं बाळ?" हौसाक्काने विचारलं.

"माझं. शेंडेफळ. ते चाकाखाली बिळात आहे."

"अगं बाई. मग आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं. सगळ्यांना सांगितलं. पण ते सगळ्यात शेवटी येतं ना. तिथपर्यंत कुणी ऐकतच नाही."

हौसाक्का उठून चाकापाशी आली. ती गुडघ्यांवर बसली. मातीला कान लावला. खूप वेळ लावला. चिचुंद्री बघत राहिली. पिल्लं बघत राहिली.

मातीखालून अगदी बारीक, अगदी हळू आवाज आला. "घुर्र... चुई. घुर्र... चुई."

"आहे," हौसाक्का म्हणाली. "झोपलंय बाई ते. घोरतंय."

ती उठली. साडीची माती झटकली. रस्त्याकडे तोंड केलं. फुगलेले गाल खाली बसले. आणि तिने हाक मारली.

"मौलाभाऊ, ओ मौलाभाऊ. या हो लवकर. बाळ अडकलंय."

मौलामिस्त्री आला. किती लवकर आला? त्याने पायात चपला आधीच घातल्या होत्या. पाने आणि पेपरचा डबा आधीच हातात घेतला होता. तो नुसता हाकेची वाट बघत होता.

"आक्का," मिस्त्री म्हणाला, "तांबूला भंगार म्हटलं, ते चुकलं माझं."

"ते मागून बोलू," हौसाक्का म्हणाली. "आधी बाळ."

मिस्त्रीने काळी टोपी उघडली. टक टक. पॉईंटचे दोन दात दिसले. काळे कुळकुळीत. त्याने डब्यातून पेपर काढला. इवलासा तुकडा घेतला. दोन दातांच्या मध्ये घातला.

पेपरने दात घासले. खर्र खर्र, खर्र खर्र. घासून घासून चकचकीत केले. मिस्त्रीने फुंकर मारली. फू. स्वच्छ फडक्याने पुसलं. टोपी परत बसवली.

"आता ठिणगी येते का ते बघू," मिस्त्री म्हणाला. त्याने वायरचं एक टोक ओढून काढलं आणि लोखंडाजवळ धरलं. "आक्का, फिरवा किल्ली."

हौसाक्का वर चढली. किल्ली फिरवली. घर्र घर्र.

पॉईंटने टिकटिक केली. टिक टिक, टिक टिक.
कॉईलने वीज वाढवली. गुंऽऽ.
वायरने वीज आणली. सर्र.
आणि लोखंडापाशी चट्. निळी निळी ठिणगी. चट् चट् चट्.

पिल्लांनी एवढे मोठे डोळे केले. तेही बारीकच होते, पण त्यातल्या त्यात मोठे.

"आली की ठिणगी," मिस्त्री म्हणाला. "आता चालू होणार. फिरवा आक्का."

हौसाक्काने किल्ली फिरवली. घर्र घर्र घर्र, फुस्स.

"हे काय?" हौसाक्का म्हणाली.

मिस्त्रीने डोकं खाजवलं. "पुन्हा फिरवा."

घर्र घर्र घर्र, फुस्स.

मिस्त्रीने पेट्रोलची नळी बघितली. नळी चांगली होती. त्याने टोपी बघितली. टोपी नीट बसली होती. मग काय राहिलं?

चिचुंद्री चाकावर चढून बसली होती. ती सगळ्यांकडे जाऊन आली होती ना. कोण कुठे बसतं, ते तिला ठाऊक होतं.

"चुक चुक. मिस्त्रीकाका, वायरताई लोंबतेय."

मिस्त्रीने पाहिलं. खरंच की. वायर ठिणगी बघायला काढली होती. ती परत लावलीच नव्हती. वायर आपली मजेत लोंबत होती, हिंदोळे घेत होती.

मौलामिस्त्री हसला. हौसाक्काही हसली. त्या दोघांना एकत्र हसून बरेच दिवस झाले होते.

मिस्त्रीने वायर जागेवर दाबून बसवली. खट्.

"आता हळू, आक्का. पुढेच घ्या. मागे अजिबात नको."

"कळतंय मला," हौसाक्का म्हणाली. "चिचुंद्री, पिल्लांना घेऊन बाजूला हो बाई."

चिचुंद्री बाजूला झाली. पुढे आई, मागे तीन पिल्लं. हौसाक्काने किल्ली फिरवली. आणि मग काय झालं?

आक्काने हाक मारली होती,
मिस्त्रीने हात लावला होता,
पेपरने दात घासले होते.
मग पॉईंटने टिकटिक केली. टिक टिक.
कॉईलने वीज वाढवली. गुंऽऽ.
वायरने वीज आणली. सर्र.
प्लगने ठिणगी पाडली. चट्.
आणि तांबूच्या पोटात आग पेटली. धड. धड. धडधड. धडधड धडधड धडधड.

तांबू हळूच पुढे गेला. वीतभर गेला. हातभर गेला. दोन हात गेला. बिळावरचं जड चाक सरकलं. ट्रॉलीचं चाक बाजूने गेलं आणि बिळावर जड चाकाची नक्षी उमटलेली माती तेवढी उरली.

चिचुंद्री धावली. माती उकरली. खर खर खर. मिस्त्रीने एक काडी घेऊन माती सारली. हौसाक्का उतरून आली आणि बोटाने खडे काढायला लागली.

मातीतून आधी आलं एक नाक. लांब नाक. मग आल्या मिशा. मग आले दोन बारीक डोळे, मिटलेले. ते एकेक करून उघडले.

शेंडेफळाने भली मोठी जांभई दिली.

"आई," शेंडेफळ म्हणालं, "किडे मिळाले का?"

चिचुंद्रीने त्याला नाकापासून शेपटीपर्यंत चाटलं. दोनदा चाटलं. मग पुन्हा एकदा चाटलं.

"नाही मिळाले," ती म्हणाली. "चल, आता शोधू."

पहिल्याने आईची शेपटी धरली. दुसऱ्याने पहिल्याची शेपटी धरली. तिसऱ्याने दुसऱ्याची धरली. चौथ्याने तिसऱ्याची धरली. आणि गेली की सगळी गवतातून, तुरुतुरु तुरुतुरु, तुरुतुरु तुरुतुरु.

हौसाक्काने बिळाशेजारी एक काठी रोवली. काठीला डोक्यावरचा रुमाल बांधला.

"हे कशाला?" मौलामिस्त्रीने विचारलं.

"इथे चाक आणायचं नाही," हौसाक्का म्हणाली. "लांबून दिसायला हवं. बसा ट्रॉलीवर, मौलाभाऊ. घरी चला. शेंगा उकडते."

मिस्त्री पोत्यांवर चढून बसला. हौसाक्काने तांबूला पुढे घेतलं. धडधड धडधड, धडधड धडधड.

पिल्लू आईपाशी,
मिस्त्री शेंगांपाशी,
आणि गोष्ट आली तुझ्या उशीपाशी.